डिस्क पार्टिशनचं जुनं ओपन सोर्स टूल सांभाळायला घेतलंय, लिनक्सवर आणायलोय, हात पाहिजेत

मांजराकाठ (लातूर):

नमस्कार मंडळी. लातूरला कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आहे माझं. विषय थोडा मोठा आहे, सवडीनं वाचा.

दोन वर्षांखाली सोयाबीनच्या सीझनमध्ये एका वजनकाट्यावरून फोन आला, पीसी चालू होईना आणि बाहेर ट्रॅक्टरांची लाईन लागलीय. गेलो तर जुना पेंटियम, त्यावर एमएस-डॉस, आणि पावती काढायचा प्रोग्राम ज्यानं लिहून दिला तो माणूस आता कुठंय कुणालाच माहीत नाही. हार्ड डिस्क खटखट करायलेली. नशिबानं फाइली निघाल्या. डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड टाकायचं ठरवलं, ते साध्या अडॅप्टरवर आयडीईच्या केबलला बसतं. कार्ड लॅपटॉपला रीडरनं जोडून पार्टिशन केलं, म्हणजे वापरायचे भाग पाडले, डॉस चढवलं, काट्यावर नेऊन लावलं तर बूटच होईना. परत दुकान, परत काटा, तीन चकरा झाल्या आणि काका बिचारे हातानं पावत्या लिहायलेले.

गोम पत्त्यात होती. आजची टूलं सेक्टरला, म्हणजे डिस्कवरच्या बारक्या कप्प्याला, सरळ नंबर देतात, शून्यापासून शेवटपर्यंत. जुनं बायोस (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारा आतला प्रोग्राम) आणि डॉसचं बूट सेक्टर सिलिंडर, हेड, सेक्टर असा तीन तुकड्यांचा पत्ता वापरतं. आणि तो पत्ता डिस्कला किती हेड आहेत असं मानलं त्यावर ठरतो. उदाहरण घ्या, सेक्टर २०४८, जिथं हल्ली पहिलं पार्टिशन सुरू होतं. १६ हेड आणि ट्रॅकला ६३ सेक्टर धरले तर तो सिलिंडर २, हेड ०, सेक्टर ३३. तेच २५५ हेड धरले तर सिलिंडर ०, हेड ३२, सेक्टर ३३. माझा लॅपटॉप २५५ धरायलेला आणि काट्यावरचं बायोस १६. म्हणजे डॉस आपल्या फाइली भलत्याच ठिकाणी शोधायलं.

त्या रात्री एक जुनं ओपन सोर्स पार्टिशन टूल सापडलं, डॉसवर चालणारं. ते आधी विचारतं की हेड किती, सेक्टर किती, मग त्याच हिशोबानं टेबल, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठं आहे त्याची यादी, लिहितं आणि डॉस सुरू करणारा बूट कोडही टाकतं. बायोसच्या स्क्रीनवरचे आकडे त्याला दिले, सकाळी कार्ड लावलं, काटा चालू. तेव्हापासून हे टूल माझ्या रोजच्या कामाचं झालं.

पण ते बेवारस पडलंय. मूळ लेखकानं कधीच हात काढून घेतलाय, मेल पाठवला तर परत येतो. कोड टर्बो सी या जुन्या कंपायलरचा, सोळा बिटांचा. दोन टीबीची डिस्क दाखवली तर साईझ वजामध्ये छापतं, कारण तिचे सेक्टर ३,९०,७०,२९,१६८ आणि चिन्हवाला बत्तीस बिटी आकडा २,१४,७४,८३,६४७ च्या वर गेला की उलटा फिरतो. परवाना जीपीएल आवृत्ती २ आहे, कोड बदलून वाटायची मोकळीक देणारा, म्हणून मी त्याची शाखा (वेगळी प्रत) काढली, लेखकाचं नाव प्रत्येक फाइलीत जसंच्या तसं ठेवलं, आणि आता ते लिनक्सवर आणायलोय. टूलचं नाव इथं मुद्दाम देत नाही. शाखा कच्ची आहे आणि कुणी उत्साहात खऱ्या डिस्कवर चालवू नये. ज्यांना मदत करायचीय त्यांना व्यक्तिगत निरोपात पत्ता देतो.

सी येणारे पाहिजेत, टेस्ट करणारे पाहिजेत आणि मराठी नीट लिहिणारे पण पाहिजेत, ते कशाला ते पुढं सांगतो.


वाळूज-लेथ (छत्रपती संभाजीनगर):

भाऊ, आधी कौतुक. आमच्या वर्कशॉपमधल्या एका जुन्या मशीनचा कंट्रोलर आजही डॉसवरच उठतो त्यामुळं तुमचं दुखणं मला नीट कळतंय, मशीन लाखोंचं आहे आणि ते चालवणारा पीसी भंगारवाला पण घेणार नाही, पण तो बंद पडला की अख्खं मशीन उभं.

तरी दोन प्रश्न विचारतो, राग मानू नका. एक, लिनक्सवर याच कामाची पार्टेड, एफडिस्क, एसएफडिस्क ही टूलं आहेत, त्यांच्यामागं वर्षानुवर्षं काम करणारी माणसं आहेत. एफडिस्कला डॉस मोड पण आहे, हेड आणि सेक्टर हातानं देता येतात. मग वेगळं टूल जिवंत ठेवायची मेहनत कशाला? त्यापेक्षा त्यांनाच हातभार लावा की. दुसरं, पार्टिशन टूल रूट म्हणून चालतं, म्हणजे सिस्टीमवरचे सगळे अधिकार घेऊन. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलचं काय झालं ते आपण सगळ्यांनी मार्च २०२४ ला बघितलंय. एकटा थकलेला मेंटेनर, मदतीला आलेला गोड बोलणारा माणूस, दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि ५.६.० मध्ये मागचं दार बसवून दिलं. तुम्ही तसे आहात असं मी अजिबात म्हणत नाही. पण माझ्या मशीनच्या डिस्कवर अनोळखी माणसानं पोर्ट केलेलं टूल मी कोणत्या भरवशावर चालवू?


मांजराकाठ (लातूर):

राग कशाचा, हेच प्रश्न पाहिजे होते.

पहिल्याचं उत्तर. एफडिस्कचा डॉस मोड मी वापरलाय आणि तो बरोबर काम करतो. पण बूट कोड तो टाकत नाही, ते वेगळं करावं लागतं. आणि काट्यावरच्या पोराला किंवा तुमच्या मशीनवरच्या ऑपरेटरला ओळखीचा असतो तो जुना निळा मेनू, एक दोन तीन चार. मी गावात नसताना फोनवरून त्याला 'आता चार दाब, काय दिसतंय वाच' असं सांगता येतं. गेल्या पावसाळ्यात उदगीरच्या एका दुकानदाराकडून मी अशीच डिस्क फोनवर करून घेतली. कमांडचे ऑप्शन असते तर नसतं जमलं. दुरुस्त्या वरच्या मोठ्या प्रोजेक्टांना द्यायचं मात्र तुमचं पटलं, जिथं चूक त्यांच्यात सापडेल तिथं नक्की देईन.

दुसऱ्याचं उत्तर मोठं आहे, कारण पोर्टिंग (एका सिस्टीमचा प्रोग्राम दुसरीवर आणणं) म्हणजे काय याबद्दल माझं मतच एका प्रसंगानं बदललं.

पहिल्यांदा लिनक्सवर कोड कंपाईल झाला तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले आणि मी खूश. एक एरर नाही. डिस्कच्या इमेजवर, म्हणजे फाइलीत उतरवलेल्या डिस्कच्या प्रतीवर, चालवलं, इमेज चांगली, आत तीन पार्टिशन, रोज वापरातली. टूल म्हणालं की या डिस्कवर टेबल नाही, नवं तयार करू का?

मला घामच फुटला. ती खरी डिस्क असती, समोर घाईतला माणूस असता आणि त्यानं वाय दाबलं असतं तर?

मग बसलो शोधत. एमबीआर म्हणजे पहिला सेक्टर, ५१२ बाइट. त्यात ४४६ बाइट बूट कोड, मग १६-१६ बाइटच्या चार नोंदी, शेवटी ५५ आणि एए (सोळाच्या पायातले, हेक्स आकडे) ही दोन बाइटची सही. मूळ लेखकानं हे सगळं एका स्ट्रक्टमध्ये, म्हणजे सी भाषेतल्या कप्प्यांच्या साच्यात, मांडलेलं. टर्बो सी बाइटला बाइट चिकटवून ठेवतं, तिथं ते बरोबर बसायचं. चौसष्ट बिटी लिनक्सवर आधी तर लाँग हा आकड्याचा प्रकारच आठ बाइटचा झाला. तो बत्तीस बिटी करून घेतला तरी रडगाणं तेच. कारण ४४६ ला चारनं भाग जात नाही. लिनक्सवरच्या जीसीसी कंपायलरला चार बाइटचा आकडा चारच्या पाढ्यातल्या जागेवर पाहिजे असतो, म्हणून त्यानं गुपचूप दोन बाइट मोकळे सोडले आणि नोंदी ४४८ पासून सुरू केल्या. सगळं टेबल दोन बाइट सरकलं. सही ५१० ऐवजी ५१२ वर गेली, म्हणजे वाचलेल्या सेक्टरच्या बाहेरच, आणि स्ट्रक्ट झालं ५१६ बाइटचं. सही दिसेना म्हणून टूलला वाटलं डिस्क कोरी आहे.

दोन बाइट फक्त. वॉर्निंग पण नाही आली.

आता स्ट्रक्टला पॅक्ड केलंय, म्हणजे मध्ये मोकळे बाइट सोडता येत नाहीत, आणि खाली एक ओळ टाकलीय की साईझ ५१२ नसेल तर कंपाईलच होऊ नये. आणि त्या दिवसापासून नियम केलाय. जुनं टूल क्यूईएमयूमध्ये (पीसीची नक्कल करणारा प्रोग्राम) फ्रीडॉसवर (डॉसचा मोफत अवतार) चालवायचं, नवं लिनक्सवर, दोघांना सारखीच कोरी इमेज द्यायची, सारख्याच कळा दाबायच्या आणि मग दोन्ही इमेजा बाइट बाइट ताडून बघायच्या. एकही बाइट वेगळा निघाला तर एकतर ती माझी चूक आहे नाहीतर जुन्यातली चूक मी मुद्दाम सुधारलीय आणि तसं लिहून ठेवलंय. तिसरं काही चालणार नाही. कंपाईल होणं ही तर सुरुवात आहे हो, बाइट जुळले की मी म्हणेन पोर्ट झालं.

विश्वासाचं म्हणाल तर माझ्यावर ठेवूच नका, ताडून बघा. एक्सझेडच्या प्रकरणात बिल्डची ती कुजकी फाइल गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटायच्या गठ्ठ्यात, होती. म्हणून आपण टारबॉल गिटमधूनच काढायचा, कुणालाही तसाच काढून जुळवता आला पाहिजे. आणि डिस्कवर लिहिणारा कोड दुसऱ्या माणसानं वाचल्याशिवाय मेन ब्रँचवर जाणार नाही, मी लिहिला असला तरी. तो दुसरा माणूस तुम्ही व्हाल का?


वाळूज-लेथ (छत्रपती संभाजीनगर):

होईन. पण रविवारीच वेळ मिळतो आणि मी कडक वाचतो, आधीच सांगतो.

आणि अजून एक, लिहून झाल्यावर एफसिंक करताय ना, म्हणजे मेमरीतलं खरंच डिस्कवर उतरवून घेताय ना? आमच्याकडं एमआयडीसीत सुद्धा लाईट कधी जाईल नेम नाही. टूलनं 'झालं' म्हणलं आणि टेबल अजून मेमरीतच आहे असं नको.


मांजराकाठ (लातूर):

नव्हतं करत. डॉसमध्ये बायोसला सांगितलं की तिथल्या तिथं लिहिलं जायचं त्यामुळं मूळ कोडात तो प्रश्नच नव्हता. बघा, होकार दिल्याबरोबर पहिली चूक सापडली तुम्हाला. आज टाकतो. त्यानंतर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, टेबल परत वाचायला सांगायचं ते पण बाकी आहे, आणि त्याच डिस्कवरचं एखादं पार्टिशन माउंट, म्हणजे वापरात, असेल तर कर्नल नाही म्हणतं, तेव्हा टूलनं गप्प न बसता नीट सांगितलं पाहिजे.


गोदातीर (नांदेड):

दादा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सी येतं पण कॉलेजात शिकवतात तेवढंच, पॉइंटर पर्यंत. मला करायचंय पण भीती वाटते, घरी एकच लॅपटॉप आहे आणि त्यात बहिणीचं पण सगळं आहे, तिची एमपीएससीची नोट्स. डिस्कशी खेळताना काही झालं तर घरी उभं नाही करणार मला. टेस्टिंगसाठी वेगळी हार्ड डिस्क घ्यावी लागेल का, सेकंड हँड कितीला मिळेल?


मांजराकाठ (लातूर):

एक रुपया खर्चू नकोस. आणि रूट तर अजिबात वापरू नकोस सुरुवातीला.

ट्रंकेट कमांडनं रिकामी फाइल बनव, साईझ दे दोन टीबी. घाबरू नको, ती विरळ फाइल असते, लिहिशील तेवढीच जागा खाते, लॅपटॉपवर दोन टीबी नसले तरी बनते. आपलं टूल डिव्हाईसच्या ऐवजी फाइलीवर पण चालतं, ते मी पहिल्याच आठवड्यात करून घेतलं. फाइल तुझ्या मालकीची, रूट लागत नाही आणि रूट नाही म्हणजे चुकून खऱ्या डिस्कचं नाव टाइप केलंस तरी सिस्टीम उघडूच देणार नाही. बहिणीच्या नोट्स सुरक्षित.

मग बाइट दाखवणारी एक्सएक्सडी कमांड लावून पहिले ५१२ बाइट डोळ्यांनी बघ. एकदा तरी हातानं वाच. सुरुवातीचे ४४६ बाइट सोडून पुढं मोज, पहिला बाइट ८० म्हणजे बूट होणारं, पाचवा बाइट प्रकार, ०६ असेल तर फॅट १६, ८३ असेल तर लिनक्स, शेवटचे आठ बाइट म्हणजे सुरुवात आणि लांबी, उलट्या क्रमानं लिहिलेले. कागदावर मांड. मला पण कुणी शिकवलं नव्हतं, दुकानात गिऱ्हाईक नसताना पेन्सिलनं केलंय हे. एवढं जमलं की एक्स्टेंडेड पार्टिशनच्या (ज्याच्या पोटात अजून पार्टिशन बसतात) टेस्ट तुझ्याकडं देतो, त्याला अजून कुणी हात लावलेला नाही.


परभणी-शूटिंग (परभणी):

विषय थोडा सोडून आहे पण इथं जाणकार दिसायलेत म्हणून विचारतो, प्लीज कुणीतरी सांगा.

लग्नाचं शूटिंग करतो. चार टीबीची बाहेरची हार्ड डिस्क होती, तिच्या डबीचं सर्किट जळालं. दुकानदार म्हणाला आतली डिस्क काढून सरळ पीसीला लावू. लावली तर विंडोज ४६५ जीबी दाखवायलंय आणि सारखं म्हणायलंय फॉरमॅट करा. दोन लग्नांचं फुटेज आहे त्यात, एका नवरीचे वडील तर लग्नानंतर महिन्याभरात गेले हो. ते लोक रोज फोन करायलेत. दुकानदार म्हणतो फॉरमॅट करून मग रिकव्हरी सॉफ्टवेअर मारू. मारू का?


मांजराकाठ (लातूर):

नको!! काहीच दाबू नका. फॉरमॅट नाही, रिकव्हरी नाही, डिस्क काढून बाजूला ठेवा आणि खालचं वाचा.

४६५ हा आकडा बघून मला आशा वाटायलीय. चार टीबीची डिस्क विंडोजला साधारण ३७२६ जीबी दिसते. तिला आठनं भागा. ४६५ येतात. बरोबर आठवा हिस्सा आला म्हणजे डिस्क खराब झालेली नसून सेक्टरचं माप बदललंय. एमबीआरच्या नोंदीत सेक्टरचा आकडा बत्तीस बिटांचा असतो, ५१२ बाइटच्या सेक्टरनं तो दोन टीबीच्या आसपास संपतो. म्हणून काही डब्या जुन्या विंडोजला मोठी डिस्क चालावी यासाठी मधल्या मध्ये सेक्टर ४०९६ बाइटचा आहे असं सांगतात. टेबल त्या मापात लिहिलं जातं. डबी गेली, डिस्क सरळ लावली, तर ती खरं सांगते की सेक्टर ५१२ चा. टेबलात लिहिलंय पार्टिशन २५६ व्या सेक्टरला सुरू होतं, ४०९६ च्या मापानं ते एक एमबीवर येतं, ५१२ च्या मापानं १२८ केबीवर. विंडोज तिथं बघतं, काही सापडत नाही, म्हणून फॉरमॅट करा म्हणतं. शेत तिथंच आहे, मोजणीची साखळी बदललीय.

काय करा: कुठल्याही ताज्या लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह घ्या, डिस्क लावा, आणि लोसेटअप कमांडला सेक्टर साईझ ४०९६, फक्त वाचण्यासाठी, आणि पार्टिशन शोध असे तीन ऑप्शन द्या. नेमकी ओळ निरोपात पाठवतो, चुकीची टाइप होऊ नये म्हणून कॉपी करूनच टाका. फक्त वाचायला उघडायचं असल्यानं काही बिघडणार नाही. एक शंका आधीच सांगतो, काही डब्या लिहितानाच एनक्रिप्ट करतात, तसं असेल तर हा मार्ग चालणार नाही, मग तशीच डबी शोधावी लागेल. फुटेज दुसऱ्या डिस्कवर उतरेपर्यंत त्या डिस्कवर काही लिहू नका.


वाळूज-लेथ (छत्रपती संभाजीनगर):

बरोबर. आणि कॉपी करताना इन्व्हर्टरवर ठेवा.

मांजराकाठ, यातून आपल्या कामाला पण एक मुद्दा निघतो. तुमच्या कोडात ५१२ हा आकडा किती ठिकाणी हातानं लिहिलाय ते मी आत्ता मोजलं. ४१. कर्नलला विचारा ना सेक्टर केवढा आहे म्हणून, ते सांगतं की.


मांजराकाठ (लातूर):

४१ सगळे बदलून चालणार नाही. एमबीआरची रचना ५१२ चीच राहते, सेक्टर ४०९६ चा असला तरी ती पहिल्या ५१२ बाइटातच असते. जिथं 'टेबलाची लांबी' असा अर्थ आहे तिथं ५१२ राहू द्यायचा आणि जिथं 'एक सेक्टर' असा अर्थ आहे तिथं डिस्कला विचारायचं. एकेक जागा वाचून ठरवावी लागेल. रविवारी फोनवर बसूया दोघं.


घाटावरची (अंबाजोगाई):

मी शाळेत शिकवते, कॉम्प्युटर लॅब माझ्याकडंच आहे. मराठी लिहिणारे कशाला पाहिजेत ते तुम्ही सांगणार होतात, राहिलंच ते.


मांजराकाठ (लातूर):

हो मॅडम, माफ करा. टूलमधले सगळे इशारे इंग्रजीत आहेत. मी बघितलंय की माणसं ते वाचतच नाहीत, वाय दाबतात आणि पुढं जातात, कारण आयुष्यभर कॉम्प्युटरनं काही विचारलं की वाय दाबायची सवय लागलीय. जिथं अख्खी डिस्क जाऊ शकते ती एक ओळ तरी माणसाच्या भाषेत पाहिजे. भाषांतरासाठी गेटटेक्स्ट लावलंय, वाक्यांची पीओ फाइल तयार आहे, १८० च्या आसपास वाक्यं आहेत. लिनक्सच्या उघड्या काळ्या कन्सोलवर देवनागरी नीट दिसत नाही, तिथं ५१२ च चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं तर जुळतच नाहीत. त्यामुळं मराठी फक्त डेस्कटॉपवरच्या टर्मिनलात, तेही सगळ्या टर्मिनलांत सारखं दिसत नाही, तपासावं लागेल.


घाटावरची (अंबाजोगाई):

फाइल बघितली. तुम्ही डिलीट पार्टिशनला 'पार्टिशन पुसा' लिहिलंय. ते बदला. माझ्या माहितीप्रमाणे पार्टिशन काढल्यावर आतला डेटा लगेच जात नाही, फक्त टेबलातली नोंद जाते, बरोबर ना? मग 'पुसा' म्हणलं की दोन्हीकडून घोटाळा. एकाला वाटेल सगळं गेलं आणि तो रडत बसेल, जे पार्टिशन नोंद परत लिहून जसंच्या तसं मिळालं असतं त्याच्यावर तो नवीन काहीतरी चढवेल. दुसरा जुना पीसी विकताना 'पुसा' करून निर्धास्त होईल आणि त्याचे फोटो, बँकेचे कागद तसेच विकले जातील.

'नोंद काढा' लिहा. सातबारावरची नोंद काढली म्हणून जमीन कुठं जात नाही, हे आपल्याकडं लहान पोराला पण कळतं.

बाकी पार्टिशन, सेक्टर, फॉरमॅट तसेच ठेवा, 'विभाजन' आणि 'क्षेत्रक' केलं तर माझ्या पोरांना काही कळणार नाही. आणि सर्वात महत्त्वाचा प्रश्न, 'राइट चेंजेस टू डिस्क'. तिथं मी असं सुचवते: 'आत्तापर्यंत डिस्कवर काहीही बदललेलं नाही. आता लिहिलं की जुनं टेबल जाईल. लिहायचं असेल तर डिस्कचं नाव टाइप करा.' वाय नकोच तिथं. नाव टाइप करायला लावलं की माणूस एकदा तरी स्क्रीनकडं बघतो.


मांजराकाठ (लातूर):

मॅडम, हे वाक्य इंग्रजीत सुद्धा असंच करायलोय. वाय काढून टाकला.

एक भर घालू का, लिहायच्या आधी टूल जुन्या सेक्टरची प्रत आपोआप फाइलीत ठेवेल, डिस्कचं नाव आणि तारीख लावून. ५१२ बाइटची तर फाइल. ती त्याच डिस्कवर ठेवायला मात्र नकार देईल.


परभणी-शूटिंग (परभणी):

दिसायलंय!!! सगळे फोल्डर दिसायलेत, दोन्ही लग्नं. तुम्ही पाठवलेली ओळ टाकली, एक पार्टिशन आलं, उघडलं तर आत सगळं जसंच्या तसं. त्या काकांचं अक्षता टाकतानाचं शूट लावून बघितलं आधी. कॉपी लावलीय, अकरा तास दाखवायलंय, इन्व्हर्टरवर ठेवलंय आणि मी इथंच झोपणार. कसे आभार मानू कळेना. मला सी बी येत नाही पण तुमच्या टूलला काही लागलं, टेस्टला जुन्या डिस्का, डब्या, तर माझ्याकडं पडलेल्या सात आहेत, सगळ्या पाठवतो.


मांजराकाठ (लातूर):

डब्या पाठवा, डिस्का आधी तपासा कुणाचं काही आहे का. ४०९६ सांगणारी एखादी डबी निघाली तर आम्हाला सोन्यासारखी आहे.


गोदातीर (नांदेड):

दादा तीन दिवस लागले पण काहीतरी सापडलंय बहुतेक. तुमच्याकडून चूक झाली म्हणायला धाकधूक होतीय, मी पाच वेळा करून बघितलं.

एक जीबीची इमेज घेतली. एक्स्टेंडेड पार्टिशन सेक्टर १०,६०,२९० ला सुरू केलं, आत ३,२१,३०० सेक्टरचे लॉजिकल, म्हणजे पोटातले पार्टिशन. एक बनवलं, बाइट जुळले. दोन बनवले, जुळले. तिसरं बनवलं आणि यादी दाखव म्हणलं तर टूल थांबेचना, दुसरं लॉजिकलच परत परत छापायलं, लॅपटॉपचा पंखा जोरात. मला वाटलं लॅपटॉप गेला.

मग तुम्ही सांगितलं तसं कागदावर मांडलं. प्रत्येक लॉजिकलच्या आधी एक छोटं टेबल असतं आणि त्यात दोन नोंदी, पहिली त्या लॉजिकलची, दुसरी पुढच्या टेबलाचा पत्ता. पहिली नोंद त्या छोट्या टेबलापासून मोजायची पण दुसरी नेहमी अख्ख्या एक्स्टेंडेडच्या सुरुवातीपासून मोजायची. जुनं टूल दुसऱ्या टेबलात तिसऱ्याचा पत्ता ६,४२,६०० लिहितं, बाइट २८ सीई ०९ ००. आपलं नवं लिहितं ३,२१,३००, बाइट १४ ई७ ०४ ००. म्हणजे आपण दोन्ही नोंदी एकाच जागेपासून मोजायलो. पहिल्या टेबलाला चालून जातं कारण ते स्वतःच एक्स्टेंडेडच्या सुरुवातीला आहे, दोन्ही सारखंच. दुसऱ्यापासून चुकतं. आणि १०,६०,२९० मध्ये ३,२१,३०० मिळवले की १३,८१,५९० येतात, जिथं ते दुसरं टेबल स्वतःच आहे! ते स्वतःलाच पुढचं म्हणून दाखवायलंय म्हणून टूल गोल गोल फिरायलंय.

ईबीआर डॉट सी या कोडच्या फाइलीत ११२ व्या ओळीवर आहे. बरोबर आहे का हे?


मांजराकाठ (लातूर):

बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. ते फंक्शन मी मागच्या महिन्यात 'स्वच्छ' केलेलं, दोन सारखे दिसणारे हिशोब एकत्र केले, ते सारखे नव्हतेच. मूळ लेखकानं ते वेगळे का ठेवले होते ते आत्ता कळलं. दोन लॉजिकलपर्यंत टेस्ट केली आणि पुढं गेलो.

तू दुरुस्ती पाठव, तुझ्याच नावानं जाईल. सोबत तिसऱ्या लॉजिकलची टेस्ट, आणि वाचताना आधी पाहिलेलं टेबल परत आलं तर यादी तिथंच थांबवून 'ही साखळी गोल फिरतेय' असं सांगायची तपासणी. दुसऱ्या कुणाच्या टूलनं अशी चुकीची डिस्क बनवलेली आपल्यासमोर येऊ शकते, तेव्हा आपण लटकायचं नाही.


वाळूज-लेथ (छत्रपती संभाजीनगर):

पाठव बेटा, रविवारी सकाळी वाचतो. आणि चार लॉजिकलवर पण चालवून बघ.


गोदातीर (नांदेड):

चार, पाच आणि बारावर चालवलं आत्ता, दुरुस्ती टाकून, इमेज मोठी घेऊन. तिन्ही इमेजा जुन्याशी जुळल्या. पाठवायलोय.